कोलेस्टेरॉलच्या गोळीनं 'जीन बदलतात' म्हणून बाबांनी गोळ्या बंद केल्या

वेंगुर्ला_पॅसेंजर (धागाकर्ता)
मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. बाबांना (वय ६१) यंदा शिमग्याच्या तोंडावर अटॅक आला, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. तेव्हा एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) २१४ होतं. घरी आले ते एटोर्वास्टॅटिन ४० (ही कोलेस्टेरॉलची) आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन. जूनमधे तपासलं तर एलडीएल ११२, सगळे खूश, मी परत मुंबईला.

आता दिवाळीला आलो तर आईनं मला मागच्या पडवीत बोलावून बाबांचा पानाचा डबा उघडून दाखवला. पितळी, दोन कप्प्यांचा. वर पानं, सुपारी, कात. खाली जिथे तंबाखू असायची (ती अटॅकनंतर सुटली, देवाची कृपा) तिथे गोळ्या. पांढऱ्या लंबगोल, काहींना काताचा तांबूस डाग. मोजल्या, ४३ भरल्या. म्हणजे गणपती गेल्यापासून आई रोज रात्री पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहते, हे तोंडात टाकल्यासारखं करतात, आणि ती वळली की गोळी डब्यात.

विचारलं तर म्हणाले वाडीच्या ग्रुपवर आलंय, ह्या गोळ्यांनी माणसाचे जीन बदलतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे, नातवाला कशाला त्रास." माझा मुलगा चार वर्षांचा आहे. आता ह्यावर काय बोलणार सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र नेमानं घेतात, त्यांच्यावर अजून फॉरवर्ड आलेला नाही म्हणून.

फॉरवर्डमधे लिहिलंय की हार्टच्या पेशंटना ही गोळी दिल्यावर रक्तात शेकडो जीन बदललेले दिसले. माझा प्रश्न एवढाच की हे पूर्ण खोटं आहे का अर्धं खरं? पूर्ण खोटं असेल तर ओरडतो, अर्धं खरं असेल तर बसून समजवायला लागेल.

सुरंगी_वळेसर
पयलो प्रश्न, वेंगुर्ल्याक पॅसेंजर कधी सुरू झाली? :) बाकी बाबांका सांभाळा. आमच्या आवशीनय असाच केल्यान, बीपीची गोळी रोज तुळशीच्या मुळात. तुळस मात्र झ्याक वाढली.

तिठ्यावरचा_डॉक्टर
चर्चा नंतर. स्टेंट पडून वर्षसुद्धा झालेलं नाही. आज त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना फोन करा, दीड-दोन महिने गोळी घेतली नाही हे स्पष्ट सांगा (लपवू नका, नाहीतर ते समजतील गोळीच लागू पडत नाही आणि डोस वाढवून ठेवतील), आणि ते म्हणतील तशी आजपासून चालू करा. लिपिड प्रोफाइल चालू करण्याआधी करून घ्या, म्हणजे बाबांना आकडा दाखवता येईल.

पिपेट
डॉक्टरांशी सहमत. आता प्रश्नाचं उत्तर. मी मूळची रत्नागिरीची, सध्या पुण्यात लॅबमधे पेशींवरच काम करते, त्यामुळे हा फॉरवर्ड मलाही तीनदा आलाय.

अर्धं खरं आहे. आणि गंमत म्हणजे जे खरं आहे तेच त्या गोळीचं काम आहे!

जीन बदलणं वेगळं आणि जीन किती वापरला जातो ते बदलणं वेगळं. ह्या दुसऱ्याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. घरातली आजीची मसाल्याची वही डोळ्यासमोर आणा. त्यात शंभर पानं. कुणी पेनानं खाडाखोड करून धण्याच्या जागी बडीशेप लिहिली तर वही बदलली. पण श्रावणात मटणाच्या मसाल्याचं पान उघडतच नाही आणि गणपतीत खिरीचं पान रोज उघडतं, त्यानं वही बदलत नाही, त्या महिन्यात स्वयंपाकघरात काय शिजतं ते बदलतं. स्टॅटिन (बाबांची एटोर्वास्टॅटिन ह्याच जातीतली) वहीतलं एक अक्षरही खोडत नाही. कुठलं पान किती वेळा उघडायचं, त्यावरून चिठ्ठी (आरएनए) किती वेळा उतरवायची, एवढंच बदलतं.

आता कुठलं पान? यकृताची पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवते. त्या कामातलं मोक्याचं एन्झाइम म्हणजे एचएमजी-सीओए रिडक्टेज, स्टॅटिन त्यालाच अडवतं. पेशीला आतून चणचण भासायला लागली की एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन, जे एरवी पेशीच्या आतल्या पडद्याला खिळलेलं असतं, ते तिथून हलतं, दोन ठिकाणी कापलं जातं आणि त्याचा सुटा तुकडा केंद्रकात जाऊन ठराविक पानं उघडतो. त्यातलं आपल्या कामाचं पान एलडीएल रिसेप्टरचं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचे हात, जे रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढतात. हात वाढले की रक्तातलं एलडीएल उतरतं. म्हणजे आकडा २१४ वरून ११२ झाला तो मुख्यतः बाबांच्या यकृतानं हा एक जीन जास्त वापरला म्हणून. हे रिसेप्टरचं गणित ज्यांनी उलगडलं ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन, अमेरिकेत डॅलसला, १९८५ चं नोबेल त्यालाच मिळालं.

पुढच्या पिढीत उतरण्याबद्दल, हे सगळं यकृताच्या पेशीत चाललंय आणि गोळी थांबली की पान परत मिटतं. काही आठवड्यांत. तुमच्या बाबांनी ४३ गोळ्या डब्यात ठेवून तो प्रयोग स्वतःवरच केलाय, रिपोर्ट येऊ दे, कळेल.

सुरंगी_वळेसर
ताई, वही कळली पण हात आणि पडदो आणि तुकडो ह्या काय माका झेपूक नाय. वायच सोपा करून सांगशात?

पिपेट
बघते. मे महिन्यातली वाडी घ्या. प्रत्येक घराची विहीर आहे आणि वाडीच्या मधोमध एक सार्वजनिक टाकी, तुडुंब भरलेली, एवढी की वाहून रस्त्यात चिखल. पाणी म्हणजे कोलेस्टेरॉल, टाकी म्हणजे रक्त, आणि हा चिखल म्हणजे धमनीतला थर. आता एका मोठ्या घराच्या (यकृताच्या) विहिरीवर झाकण घातलं (स्टॅटिन). घरात पाणी नाही म्हटल्यावर घरातली बाई काय करेल? चार कळश्या (म्हणजे मघाचे हात, रिसेप्टर) जास्त काढेल आणि टाकीवर धाडेल. टाकी उतरली, चिखल थांबला. झाकण घालणाऱ्याला विहिरीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला कळश्या बाहेर काढायच्या होत्या.

पण घर हुशार असतं, तीच चणचण बघून ते आणखी दोन गोष्टी करतं. एक, विहीर खोल करायला घेतं, म्हणजे अडवलेलं ते रिडक्टेजच जास्त बनवतं. दोन, आणि हे जरा विचित्र आहे, कळश्यांना भोकं पाडणारं एक पोरगं आहे घरात, पीसीएसके९, तेही त्याच सिग्नलवर जागं होतं! एकाच प्रोटीननं (एसआरईबीपी-२) रिसेप्टरचं पानही उघडायचं आणि रिसेप्टर मोडणाऱ्याचंही. म्हणून स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, त्यामागचं हेही एक कारण.

जांभा_चिरा
सगळं ऐकायला छान आहे हो विहिरी आणि कळश्या. पण आमचे आजोबा राजापुरात रोज नारळाचं वाटण खाऊन ९२ वर्षं जगले, कोलेस्टेरॉल कधी तपासलं नाही, गोळी कधी बघितली नाही. आता चाळिशी ओलांडली की ज्याच्या त्याच्या हातात स्ट्रिप. शरीर स्वतः जे बनवतंय ते अडवायचं, मग शरीर जास्त बनवायला बघतं हे तुम्हीच सांगताय, म्हणजे निसर्गाशी कुस्ती. आणि पेशंटच्या रक्तात शेकडो जीन वरखाली होतात हे काय तुम्ही नाकारत नाही. बाकीच्या त्या शेकडोंचं काय होतं ते कुणी बघितलंय?

तिठ्यावरचा_डॉक्टर
आजोबांना नमस्कार. ते चालत किती असतील रोज, तेही लिहा. आणि त्यांच्या पिढीतले जे पन्नाशीत 'छातीत कळ येऊन' गेले त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही कारण त्यांना सांगायला नातवंडं बघायला मिळाली नाहीत. १९९४ साली स्कँडिनेव्हियात ४४४४ हृदयरोगी घेऊन अभ्यास झाला, निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. पाचेक वर्षांत गोळीवाल्या गटात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. त्यानंतर असे कित्येक झाले, २६ अभ्यासांचे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक एकत्र मोजले तर एलडीएल दर ३९ अंकांनी उतरलं की हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात.

हट्टाकट्टा माणूस उगाच गोळी घेतोय का हा वाद आपण वेगळा घालू, त्यात तुमचं थोडं मी ऐकूनही घेईन. इथे स्टेंट पडलेला माणूस आहे.

पिपेट
जांभा, प्रश्न चांगला आहे, खरंच. 'शेकडो जीन' वाल्या अभ्यासांबद्दल एक गोष्ट लोक सांगत नाहीत. पेशंटच्या यकृताचा तुकडा कोण काढून देणार? म्हणून बहुतेक वेळा हातातून रक्त घेतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, गोळी आधी आणि गोळी नंतर आरएनए मोजतात. त्यात रिसेप्टरचा आणि रिडक्टेजचा जीन वर गेलेला दिसतो, जो अपेक्षित आहे, आणि सोबत इतर बरेच हलतात. पण जीन रोजच हलतात हो. ताप आला, उपास केला, रात्रभर भजनाला जागलात तरी तुमच्या पांढऱ्या पेशींत ढिगानं जीन वरखाली झालेले दिसतील. हललं म्हणजे बिघडलं असं नाही.

काही हललेले चांगले पण असतात. धमनीच्या आतल्या अस्तरात केएलएफ२ नावाचा एक जीन आहे, स्टॅटिननं तो वर जातो, आणि त्याच्या मागून नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचा. नायट्रिक ऑक्साइडनं धमनी सैल राहते. बायपासला जाणाऱ्या पेशंटना ऑपरेशन आधी फक्त तीन दिवस एटोर्वास्टॅटिन देऊन मग ऑपरेशनमधे निघालेल्या रक्तवाहिन्यांचे तुकडे तपासले होते, त्यात ह्याच कामातला जीसीएच१ नावाचा जीन वाढलेला आणि धमनीची तब्येत सुधारलेली दिसली. तीन दिवसांत. ह्याचा पेशंटच्या आयुष्याला एलडीएल उतरण्यापलीकडे किती फायदा होतो ह्यावर मात्र अजून भांडणं आहेत, आणि मला वाटतं एलडीएलचा वाटाच सगळ्यात मोठा.

आणि निसर्गाशी कुस्ती म्हणालात त्यावरून आठवलं. पहिलं स्टॅटिन जपानात अकिरा एंडो ह्यांनी शोधलं, हजारो बुरश्या तपासून, १९७३ मधे भाताच्या दाण्यावरच्या निळसर हिरव्या बुरशीत सापडलं. उंदरांना दिलं तर कोलेस्टेरॉल ढिम्म उतरेना. का, तर उंदराच्या यकृतानं ते रिडक्टेज कित्येक पटीनं जास्त बनवायला घेतलं, म्हणजे विहीर एवढी खोल केली की झाकणाला दाद देईना. प्रकल्प बंदच पडायचा. मग त्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन बघितलं, आणि कोंबड्यांचं उतरलं. एका जीननं जास्त जोर केला म्हणून हे औषध उंदरातच मेलं असतं. माणूस ह्या बाबतीत कोंबडीसारखा निघाला हे आपलं नशीब.

सुरंगी_वळेसर
गावठी का ब्रॉयलर ता पण सांगा :)
आणि एक विचारूचा होता. भातावरच्या बुरशीचा वाचलंय, आमच्या ग्रुपवर फिरता की लाल तांदळात निसर्गानंच स्टॅटिन आसता. आमी तर लाल उकड्याचीच पेज खातो, मगे गोळी कित्याक?

औषधांचा_काउंटर
नाही नाही नाही. हा घोळ मी चिपळुणात माझ्या काउंटरवर महिन्यातून एकदा सोडवतो. तो 'लाल तांदूळ' म्हणजे चीनकडचा, साध्या तांदळावर मोनॅस्कस जातीची लाल बुरशी वाढवलेला, त्यात मोनॅकोलिन के असतं आणि ते म्हणजेच लोवास्टॅटिन, गोळीत १९८७ पासून मिळतं तेच. आपला उकडा लाल असतो तो कोंड्यामुळे. पेज जरूर प्या, सोबत लोणच्याची फोड घ्या, पण त्यात स्टॅटिन शोधू नका. आणि त्या परदेशी लाल तांदळाच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवणारेही आहेत, त्यात किती औषध आहे कुणाला पत्ता नसतो, वर डॉक्टरांची गोळी चालूच, म्हणजे डबल.

जाता जाता, परसात पपनसाचं झाड असेल तर एटोर्वा आणि सिम्वावाल्यांनी जरा बेतानं. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच अपत्य, आणि ग्रेपफ्रूटनं ह्या गोळ्या रक्तात जास्त साठतात. रोझुवावाल्यांना (रोझुवास्टॅटिन) ती भानगड नाही.

देवगडची_पायरी
मी गप्प वाचत होते पण आता लिहितेच. मला रोझुवा चालू आहे दोन वर्षं, बायपासनंतर. सुरुवातीला पोटऱ्या इतक्या दुखायच्या की माडीवर चढताना जिन्याचा कठडा धरायला लागायचा. डॉक्टर म्हणाले मनाचे खेळ. मला खूप राग आला होता तेव्हा. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) तपासलं, थायरॉइड बघितलं, डी जीवनसत्त्व बघितलं, पंधरा दिवस थांबवून कमी डोसवर परत चालू केलं. आता ठीक आहे. जीनचा आणि ह्या दुखण्याचा काही संबंध आहे का?

पिपेट
आहे, दोन ठिकाणी. एक म्हणजे वहीतला खरा फरक, जन्मापासूनचा. एसएलसीओ१बी१ नावाच्या जीनमधे काही लोकांत एक अक्षर वेगळं असतं, त्यामुळे गोळी यकृतात नीट शिरत नाही, रक्तात जास्त राहते. २००८ मधे सिम्वास्टॅटिन ८० घेणाऱ्यांत हे सापडलं, स्नायूंचा त्रास झालेल्यांत हा फरक फार जास्त होता. दुसरं, स्नायूत एट्रोजिन-१ नावाचा एक जीन आहे, स्नायूचं प्रोटीन मोडीत काढणारा, स्टॅटिननं त्रास झालेल्यांच्या स्नायूत तो वाढलेला दिसलाय. तेव्हा तुमचं दुखणं 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणं चूकच.

तिठ्यावरचा_डॉक्टर
पायरीताईंना ज्या पद्धतीनं दुसऱ्यांदा बघितलं तीच बरोबर. फक्त दुसरी बाजू पण लिहितो. २०२० मधे लंडनला ६० जणांवर प्रयोग झाला, सगळे असे की त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले. वर्षभर, चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी, चार महिने काहीच नाही, महिने उलटसुलट लावून. रोज फोनवर त्रास किती ते नोंदवायचं. खरी गोळी घेताना झालेल्या त्रासापैकी ९० टक्के खोटी गोळी घेतानाही झाला! दुखणं खरंच होतं, लोक खोटं बोलत नव्हते, पण ते गोळी घ्यायच्या धास्तीनं येत होतं. वाडीच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड हे काम किती करत असतील विचार करा. (शुगर थोडी वाढू शकते हे मात्र खरं, सीमेवर असणाऱ्यांनी तपासत राहावं.)

पण पॅसेंजर, मला तुमच्या पहिल्या पोस्टमधलं २१४ डोक्यातून जात नाहीये. ६१ वर्षांचा, गोळी नसताना एलडीएल २१४. घरात आणखी कुणाला लवकर अटॅक आलाय का? आणि बाबांच्या घोट्यामागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूबंध), टाचेच्या वरची, जाड किंवा गाठाळ आहे का बघा. चिमटीत धरून बघा.

वेंगुर्ला_पॅसेंजर
डॉक्टर, अंगावर काटा आला. काका ४८ व्या वर्षी गेले, होडीवरच. काकांचा मुलगा ३४ चा, त्याला गेल्या वर्षी छातीत दुखलं, गॅस म्हणून सोडलं. आणि बाबांची शीर आत्ता धरून बघितली. माझ्या अंगठ्याएवढी जाड आहे, दोन्ही पायांना. ते म्हणतात "आमच्या घरात सगळ्यांची अशीच, डोंगर चढून होते."

तिठ्यावरचा_डॉक्टर
डोंगर चढून होत नाही. त्यात कोलेस्टेरॉल साठलेलं असू शकतं. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरॉलेमिया म्हणतात, घराण्यात चालणारं, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला. बहुतेक वेळा एलडीएल रिसेप्टरच्याच जीनमधे बिघाड असतो. आईकडून एक प्रत, बापाकडून एक, त्यातली एक धड आणि एक बिघडलेली. निम्मेच हात. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. चुलतभावाला ह्याच आठवड्यात लिपिड प्रोफाइल आणि ईसीजी, आणि तुमचंही करा. इंटरनेटवरून मी निदान करत नाही, तपासून घ्या एवढंच सांगतोय.

पिपेट
आणि इथेच ती गोळी कामाची. बिघडलेलं पान ती दुरुस्त करू शकत नाही, पण दुसरं जे धड पान आहे ते जास्त वेळा उघडून घेते. ज्यांच्या दोन्ही प्रती पार गेलेल्या असतात (फार थोडे) त्यांच्यात म्हणूनच स्टॅटिन फारसं लागू पडत नाही, उघडायला धड पानच नसतं.

जांभा_चिरा
पॅसेंजर, भावाला घेऊन जा लवकर. वाद नंतर घालू.

वेंगुर्ला_पॅसेंजर
तीन आठवड्यांनी अपडेट. बाबांचा गोळी चालू करण्याआधीचा आकडा २०७ आला. जून ११२, आता २०७, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पिपेटताईंची विहीर सांगितली. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे झाकण काढल्याबरोबर कळश्या परत फडताळात." बरोबर कळलं होतं. आता एटोर्वा ४० आणि सोबत इझेटिमाइब दिलंय, ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शिरणं कमी करतं म्हणे.

चुलतभावाचं २३१. अँजिओग्राफी झाली, एका धमनीत ५० टक्के, स्टेंट लागला नाही, गोळ्या सुरू. माझं १८९. डॉक्टरांनी मलाही रोझुवा दिली आणि मुलाचं कधी तपासायचं ते मुलांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलंय.

रात्री जेवल्यावर बाबांनी डबा काढला, खालचा कप्पा पुसून घेतला आणि मला विचारलं, "तुझ्या पण हयच ठेवूया? चलतात मा दोघांच्या एका डब्यात?"

औषधांचा_काउंटर
डब्यात चालतील पण स्ट्रिपमधून सोडवू नका, समुद्रकाठची हवा आहे, ओल धरतात. आणि दोघांच्या स्ट्रिपवर नावं लिहा. काताचा कप्पा लांब ठेवा.